टोमॅटोवरून काढलेल्यांची वर्गणी

मी मुलुंड पूर्वेला राहतो आणि घाटकोपरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढतो. साहेब सांगतील तिथे भिंत, साहेब म्हणतील तिथे खिडकी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलायला उठलो की नेमका चहा येतो. एकूण काय, माझ्या शब्दाला बाहेर फारसं वजन नाही. पण फोनमध्ये माझं एक संस्थान होतं. मालवणी पद्धतीने मासे रांधणाऱ्यांचा आणि खाणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप मी काढला होता. बघता बघता हजारो माणसं जमली. मी त्याचा ॲडमिन होतो आणि तिथे माझ्याच शब्दाने सगळं चालायचं.

नियम मीच केले होते. पाकिटातलं नारळाचं दूध वापरलं की पोस्ट उडणार. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नसतील तर त्याला तिखलं म्हणायचं नाही. सुविचार नाहीत, राजकारण नाही आणि मदतीची आवाहनं तर अजिबात नाहीत. कुणाची किडनी, कुणाची शाळेची फी, कुणाच्या घराला लागलेली आग, असं काही ना काही दर आठवड्याला येऊन पडायचं. मी ते काढून टाकायचो आणि खाली लिहायचो, ‘इथे फक्त मासे.’ हे वाक्य मला फार बाणेदार वाटायचं.

बोरिवलीच्या एक बाई होत्या. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदा तिखल्याचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, ‘आमच्याकडचं पारंपरिक.’ फोटोत टोमॅटो होता. लपवलेलाही नव्हता, फोडी करून वर सजवला होता. मी लिहिलं, ‘हे पारंपरिक नव्हे, हा अपघात आहे.’ त्यांनी लिहिलं, ‘माझी आई सावंतवाडीची. तिच्या हाताला अपघात म्हणताय?’ मी लिहिलं, ‘आमसुलं संपली असतील त्या दिवशी.’ मग लोक तुटून पडले. अर्धे माझ्या बाजूने, अर्धे टोमॅटोच्या. दोन दिवस मी ऑफिसात टेबलाखाली फोन धरून लढलो आणि तिसऱ्या दिवशी बाईंना ग्रुपमधून काढून टाकलं.

बाईंनी लगेच स्वतःचा ग्रुप काढला. त्याचा पहिलाच नियम होता, ‘इथून कुणालाही कशावरूनही काढलं जाणार नाही.’ मी काढलेले सगळे तिथे जाऊन बसले. आलंवाले, कढीपत्तावाले, सुरमईला बेसन लावणारे. वर्षभरात तो ग्रुप माझ्यापेक्षा मोठा झाला. मी त्याला धर्मशाळा म्हणायचो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि एके दिवशी ऑफिसचा जिना चढताना मला मधल्या पायरीवर बसावं लागलं. वाटलं ॲसिडिटी. साहेबांनी रिक्षात घालून डॉक्टरकडे पाठवलं. अँजिओग्राफी झाली. डॉक्टरने स्क्रीनवर माझ्या हृदयाचे रस्ते दाखवले आणि कुठे कुठे बंद आहेत ते पेनाने ठोकून सांगितलं. बायपास करायला हवी होती आणि फार थांबायला वेळ नव्हता. विमा होता, म्हणजे आहे असं आम्ही समजत होतो. पण विमा काढताना मी ब्लडप्रेशरच्या गोळीचा उल्लेख केला नव्हता म्हणून कंपनीने नम्र भाषेत हात वर केले. बायको खासगी बालवाडीत शिकवते. मूलबाळ नाही. गावचं घर भावांच्यात अडकलेलं. आमच्याकडे होतं ते सगळं गोळा केलं तरी निम्म्यालाही पोचत नव्हतं.

माझ्या ग्रुपचा दुसरा ॲडमिन अंधेरीचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने मला न विचारता ग्रुपवर टाकलं, ‘आपले ॲडमिन आजारी आहेत, बायपास आहे.’ मी अंथरुणावर पडून प्रतिसाद वाचत होतो. जोडलेल्या हातांच्या रांगा आल्या. एकाने पेजेची कृती टाकली. मग हृदयाच्या पेशंटने शिंपल्यातल्या तिसऱ्या खाव्यात की नाही यावर वाद सुरू झाला आणि तो इतका रंगला की मी कुठे आहे हे सगळे विसरले. तेवढ्यात कुणीतरी वरचं नीट न वाचता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. मग पुढच्यांनीही तेच लिहिलं. एकाने माझ्या आत्म्याला शांती लाभो म्हणताना, मी त्याला एकदा पाकिटाच्या दुधावरून झापलं होतं त्याची आठवणही काढली. ‘पण शिस्तीचा माणूस होता,’ असं लिहिलं होतं त्याने.

मित्राचा फोन आला. “अरे, मी पैशाचं आवाहन टाकू का?”

“नियम आहे ना?”

“नियम तूच केलास. बदलूया. माझ्या हातात आहे.”

“सगळ्यांची आवाहनं उडवली, आता स्वतःचं टाकू? कसं दिसेल ते?”

“यार, तू दिसण्याचं काय घेऊन बसलास? वाट लागलीये तुझी!”

पण मी नाही म्हणालो. त्या वेळी मला ते तत्त्व वाटत होतं. खरं तर हजारो माणसांसमोर हात पसरायचा या कल्पनेनेच मला घाम फुटला होता आणि घाम तर मला तसाही फुटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने बिनसाखरेचा चहा आणून ठेवला आणि समोर बसली. ती अशी समोर बसली की काहीतरी आधीच होऊन गेलेलं असतं.

“मी विचारलंय,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“बोरिवलीला.”

मला वाटलं तिथे तिची कुणी मावसबहीण असेल. मग डोक्यात प्रकाश पडला. “त्या टोमॅटोवाल्या बाईला? तिचा नंबर तुझ्याकडे कुठून आला?”

“मी आहे त्या ग्रुपमध्ये.”

“कधीपासून?”

“सुरू झाला तेव्हापासून,” ती म्हणाली. “अहो, तिथे मापं देतात. तुमच्या ग्रुपवर सगळे ‘अंदाजाने’ म्हणतात. अंदाजाने म्हणजे किती?”

म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या घरचं कालवण म्हणून जे अभिमानाने खात होतो ते धर्मशाळेतून येत होतं. मी विचारलं, “टोमॅटो घालतेस?” ती म्हणाली, “वाटून.” ब्लॉकेजची बातमी ऐकताना मला इतका धक्का बसला नव्हता.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. शिट्टी न वाजवताही मैदान ओलांडून जाईल असा आवाज.

“हे बघा, मी तुमच्यावर उपकार करत नाहीये. तुमच्या बायकोवर करतेय. ती चांगली आहे, कृती करून बघते आणि फोटो टाकते. मी मजकूर लिहिलाय, वाचून दाखवते.”

“मी लिहून देतो ना,” मी म्हणालो.

“तुम्ही आता गप रवा,” बाई मालवणीवर आल्या आणि वाचू लागल्या. “ ‘मंडळी, आपल्यातल्या पुष्कळांना ज्या गृहस्थांनी त्यांच्या ग्रुपमधून हाकलून दिलं ते आजारी आहेत. बायपास आहे, पैसे कमी पडतायत. माणूस खडूस आहे. पण आपण सगळे एकत्र आलो ते त्यांच्यामुळेच. शिवाय ते गेले तर आपण भांडायचं कुणाशी? ज्यांना ज्यांना त्यांनी काढलं त्यांनी पैसे पाठवताना खाली कारण लिहावं.’ झालं. बदल सुचवायचा असेल तर सांगा, करणार नाही.”

मी सुचवला नाही. अशा आवाहनात निदान ‘हरहुन्नरी’, ‘मनमिळाऊ’ वगैरे शब्द असतात अशी माझी समजूत होती.

बायकोचा फोन त्या संध्याकाळपासून वाजायला लागला तो थांबेचना. फोनवरून पैसे पाठवताना खाली दोनचार शब्द लिहिता येतात. ते ती मला वाचून दाखवायची. ‘टोमॅटो.’ ‘टोमॅटो, दोनदा.’ ‘कढीपत्ता.’ ‘बोंबलाला रवा लावला म्हणून.’ ‘हलवा माशाला सरंगा म्हटलं म्हणून.’ ‘का काढलं आठवत नाही, पण काढलं होतं.’ एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमचं बरोबर होतं, मी नंतर आमसुलं घालून बघितलं. तरी राग आहे.’ मी किती माणसं काढली होती याचा मला अंदाजच नव्हता. चार माणसांशी गोड वागलो असतो तर एवढी रक्कम जमली नसती, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या स्पष्ट दिसत होतं.

पैसे येतात तशा शंकाही येतात. आमच्याच इमारतीतल्या कुणीतरी बाईंच्या ग्रुपवर लिहिलं, ‘यांच्या घरी एसी आहे. मी स्वतः पाहिलाय.’ एसी आहे. मेव्हण्याने नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. मे महिन्यात पाहुणे आले की लावतो. मी हे सगळं टाइप करायला घेतलं, पण बाईंनी आधीच उत्तर दिलं होतं, ‘तो एसी विकून एक टाका बसेल. बाकीचे टाके तुम्ही घालणार का?’

त्यावर दुसरा उठला. त्याने माझ्या ग्रुपवर जाऊन माझे जुने फोटो शोधून आणले. मासळीबाजारातून मी दर रविवारी फोटो टाकायचो. ताटभर मोठी पापलेटं, हातभर सुरमई, वर ओळ, ‘आजचा बेत.’ त्याने ते सगळे एकापुढे एक लावले आणि विचारलं, ‘दर रविवारी हे खाणारा माणूस गरजू कसा?’ प्रश्न रास्त होता. पैसे येणं थंडावलं.

तोवर मी हॉस्पिटलमध्ये दाखल झालो होतो. छातीवरचे केस काढून झाले होते, हिरवा झगा घालून मी पडलो होतो. बायको खुर्चीत बसून काहीतरी टाइप करत होती.

“काय लिहितेस?”

“खरं ते.”

“म्हणजे?”

तिने फोन माझ्यापुढे धरला. पोस्ट होऊनही गेली होती. ‘ते मासे आमचे नव्हते. बाजारात दुसऱ्यांनी घेतलेले असायचे. हे कोळणीला विचारून फोटो काढायचे. आम्ही स्वस्तातली मांदेली घ्यायचो, नाहीतर बोंबील. पापलेट आम्ही दिवाळीच्या आसपास एकदा आणतो.’

मी डोळे मिटले. आजार सांगताना मला लाज वाटली नव्हती, पैसे मागतानाही त्या मानाने कमी वाटली. पण ‘आजचा बेत’ उघडा पडला तेव्हा झग्याखाली आपण काहीच घातलेलं नाही हे मला एकदम जाणवलं. हजारो लोकांना आता ठाऊक झालं होतं की त्यांचा कडक ॲडमिन रविवारी मांदेली खातो.

“आधी मला विचारायचं तरी,” मी म्हणालो.

“तुम्ही हो म्हणाला असता?”

“नाही.”

“मग?” असं म्हणून तिने माझ्या पायांवरची चादर सारखी केली.

त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही नीट उलगडा होत नाही. त्या पोस्टखाली लोक आपापलं सांगू लागले. एकाने लिहिलं, तोही फोटो दुसऱ्याच्या माशांचे टाकतो. एकीने लिहिलं, तिने ‘घरचं’ म्हणून टाकलेली कालवं खानावळीतली होती. कुणी करली आवडते म्हणून सांगायचा पण काट्यांच्या भीतीने कधी खाल्लीच नव्हती. आणि प्रत्येकाने आपलं सांगून झाल्यावर पैसे पाठवले. ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी बायकोला कळवलं की पुरे झालं, आता कुणी पाठवू नका असं त्यांनी ग्रुपवर लिहिलंय. तरीही येत होते.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर काही दिवसांनी बाई मला बघायला आल्या. बोरिवलीहून मुलुंड म्हणजे लिंक रोडवरून बसने निम्मा दिवस. मला वाटलं होतं मोठ्या अंगाच्या असतील. निघाल्या बारीक, पायात बूट, खांद्याला सॅक. आल्या आल्या मला खोलीत चालायला लावलं आणि खांदे मागे घ्या म्हणाल्या. मग डबा काढला. दुधीची भाजी होती, कमी मिठाची.

“आभाराची पोस्ट कधी टाकताय?”

“लिहून ठेवलीय,” मी म्हणालो आणि फोन दिला. मी ती खूप मेहनतीने लिहिली होती. ऋणानुबंध, सहृदयता, उर्वरित आयुष्य असे शब्द होते.

बाईंनी वाचली. “हे काय राष्ट्रपतींना लिहिलंय? आणि आधी मेंबर तर व्हा. आमच्याकडे नवीन मेंबरला एक कृती टाकावी लागते, मगच बाकीचं लिहिता येतं.”

“मी? तुमच्या ग्रुपवर?”

“कुणालाही घेतो आम्ही,” त्या म्हणाल्या.

मी मांदेलीच्या तळणीची कृती टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मापं दिली, बायकोला विचारून. खाली लिहिलं, ‘आभारी आहे. बरा आहे. टोमॅटोबद्दलचं माझं मत तेच आहे.’ त्यावर इतक्या शिव्या आल्या की बाईंना बरं वाटलं असावं. त्या दिवशी त्या दोनदा फोन करून हसल्या.

मग त्यांनी मला कामाला लावलं. माझ्यासाठी आलेल्यातले थोडे पैसे उरले होते. मी म्हटलं परत करू. बाई म्हणाल्या, “कुणाला? कढीपत्त्याला?” ग्रुपवर मतं घेतली आणि ठरलं की ते पुढच्या माणसाला द्यायचे. गोवंडीच्या शाळेत शिकवणाऱ्या एक मेंबर होत्या, त्यांनी नाव सुचवलं. जरीकाम करणारा एक कारागीर, ट्रकखाली पाय गेला होता, गुडघ्याखालून. कृत्रिम पाय बसवायचा होता. उरलेले पैसे त्याला पुरणार नव्हते, म्हणजे आवाहन लिहायला हवं होतं.

“तुम्ही लिहा,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला अनुभव आहे.”

“मला लिहिण्याचा कुठे अनुभव?”

“स्वतःबद्दल लिहून घेण्याचा.”

त्या शिक्षिकेबरोबर मी गोवंडीला गेलो. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी, मग आत वळत वळत पोटमाळ्याची खोली. पोटमाळ्यावर लाकडी चौकटीला ताणून बसवलेलं लाल कापड आणि त्यावर वाकलेला तो. चाळिशीचा असेल. मी आवाहन म्हणजे काय ते समजावलं आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “क्या नहीं लिखना है, वो पहले बोलो.”

त्याने सुई थांबवली. हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. मलाही नव्हता.

“बेचारा मत लिखना,” तो म्हणाला. “और ये मत लिखना कि काम बंद है. काम बैठ के होता है, चालू है.”

“मग पाय कशासाठी हवाय? म्हणजे, लोग पूछेंगे.”

“नुक्कड़ पे चाय पीने जाना है. घर की चाय में मज़ा नहीं.” आतून त्याची बायको हसली आणि काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मग तो म्हणाला, “फोटो में शर्ट इस्त्री का पहनूँगा.”

शर्ट झकास होता. निळा, कॉलर कडक. मी होतं तसं लिहिलं. माणूस कमावता आहे, काम चालू आहे, पण जिना उतरता येत नाही आणि त्याला कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायचाय. बाईंना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच त्यांनी काही बदललं नाही.

आणि पैसे येईनात.

आठवडा गेला तरी माझ्या वेळी एका संध्याकाळी आले होते तेवढेही जमले नाहीत. एकाने विचारलं, ‘काम चालू आहे तर पाय कशाला?’ एकाने लिहिलं, ‘चहा घरी आणून देता येतो.’ एक बाई म्हणाल्या, ‘गरजू वाटत नाहीत हो फोटोत.’ मी उत्तरं देत होतो, बाई देत होत्या, पण त्यात ती मजा नव्हती. त्या माणसाने कुणालाच कधी हाकललं नव्हतं. त्याच्याशी कुणाचं भांडणच नव्हतं, मग पैसे तरी कशावरून पाठवणार?

बाईंचा फोन आला. “दुसरा फोटो टाकू या का? जुन्या शर्टातला? शिक्षिका म्हणतायत काढून देतील.”

“नको.”

“कमी येतायत हो.”

“येऊ देत कमी.”

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग मी उद्यापासून एकेकाला फोन करते. माझ्याकडे नंबर आहेत.”

त्यांनी खरोखर एकेकाला फोन केले. त्या आवाजात फोन आल्यावर नाही म्हणणं सोपं नसतं. मीही माझ्या ग्रुपवरचा जुना नियम काढून टाकला आणि तिथेही आवाहन टाकलं. अंधेरीच्या मित्राने फक्त एक टाळी पाठवली, त्यात टोमणा होता की कौतुक ते मी विचारलं नाही. थोडे थोडे करत पावसाळा संपेपर्यंत पैसे जमले. माझं हृदय जेवढ्या वेळात उघडून, जोडून, शिवून घरी परत आलं होतं त्याच्या कितीतरी पट वेळ त्याच्या एका पायाला लागला.

पाय बसला, सराव झाला आणि शिक्षिकेने एक छोटा व्हिडिओ पाठवला. तोच निळा शर्ट, पँट घोट्यापर्यंत, पायात काळे बूट. गल्लीतून तो सावकाश टपरीपर्यंत चालत येतो, उभ्यानेच चहा घेतो, दोन घोट पितो आणि कॅमेऱ्याकडे न बघता टपरीवाल्याशी भांडायला लागतो, बहुधा साखरेवरून. मी तो दोन्ही ग्रुपांवर टाकला आणि वाट बघत बसलो. पहिली कमेंट बोरिवलीहून आली, ‘शर्ट मस्त आहे, कुठून घेतला?’ त्याखाली आणखी तिघांनी तेच विचारलं होतं.

मी त्याला फोन लावला आणि सांगितलं की लोक शर्टाचं विचारतायत.

“शर्ट का?” तो म्हणाला. “टांग का किसी ने नहीं पूछा?”

“नाही. किसी ने नहीं.”

“कौन सी वाली नकली है, वो भी नहीं पूछा?”

मी पुन्हा खाली सगळं वाचून बघितलं. “नाही.”

“फिर बराबर बैठी है,” तो म्हणाला आणि शर्टाच्या दुकानाचा पत्ता सांगायला लागला.